माझ्या वर्गातले बाबा

बाबा दारू पीत असत. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं सांगताना जीभ अडखळणार नाही. इतकी वर्षं मी हे वाक्य टाळत आले. कॉलेजात पाली शिकवली, निवृत्त झाले, दोन-चार सत्कार झाले, आणि प्रत्येक ठिकाणी 'माझे वडील गिरणी कामगार आणि बौद्धाचार्य होते' एवढंच बोलून खाली बसले. ते खोटं नव्हतंच. इंदोऱ्याच्या मागे, जरीपटक्याकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून आमची वस्ती. तिथे लग्न असो, बारसं असो की मयत, पांढरा सदरा घालून आणि पांढरं धोतर नेसून बाबाच पुढे उभे राहायचे. त्यांचा आवाज मोठा नव्हता, पण दाट होता. पाली शब्द ते असे उच्चारत की अर्थ न कळणारी म्हातारी माणसंही मान डोलावत. ज्या दिवशी असं काही कार्य असे त्या दिवशी ते थेंबाला शिवत नसत. पण वस्तीत रोज लग्न थोडंच असतं.

घर म्हणजे दीड खोली, वर कवेलूंचं छप्पर. थोरल्या बहिणीचं लग्न होऊन ती भंडाऱ्याकडे गेली होती, तेव्हा आम्ही तिघंच. माय विड्या वळायची. सकाळी भाकरी थापून झाल्या की दारातल्या उजेडाला बसायची, मांडीवर सूप, सुपात जर्दा, बाजूला ओल्या पोत्यात गुंडाळलेला तेंदूपत्ता. पानं कापणाऱ्या तिच्या कात्रीचा कच-कच आवाज हाच आमच्या घराचा आवाज. त्या आवाजात मी मॅट्रिक झाले, त्याच आवाजात बी.ए.ला पाली घेऊन बसले. जर्द्याची धूळ नाकात जाऊन मी शिंकले की माय मान वर न करता म्हणायची, "बाहेर बस ना वं." पावसाळ्यात अंबाडीची भाजी, ज्वारीची भाकर, वर तव्यावर रगडलेल्या हिरव्या मिरचीचा ठेचा. बाबांना ठेचा इतका आवडे की नुसता ठेचा आणि कांदा घेऊन दोन भाकरी संपवत. गिरणीचा भोंगा झाला की माय चुलीवर पाणी चढवायची. त्यानंतर अर्ध्या तासात बाबा आले तर सगळं ठीक. नाही आले तर ती पाणी उतरवून ठेवायची आणि पुन्हा कात्री हातात घ्यायची.

पिऊन आल्यावर त्यांनी कधी कुणावर हात उगारला नाही, शिवी दिली नाही. त्या दिवशी ते फक्त घरात येत नसत. दारासमोर चार हात लांब उभे राहून म्हणत, "कुंदा, आज मी आत येत नाही बाई. बाहेरच पोतं टाक." भिंतीवर तथागतांची तसबीर होती, तिच्यासमोर तशा तोंडाने यायचं नाही हा त्यांचा नियम. मी ओट्यावर पोतं टाकायची. माय भाकरीचं ताट बाहेर ठेवायची. आजूबाजूला बापाच्या माराने पोरी ओरडत, आणि मला त्यांचा हेवा वाटे, हे लिहिताना लाज वाटते. मारणाऱ्या बापावर रागावता तरी येतं. स्वतःहून घराबाहेर उभ्या राहिलेल्या माणसाचं काय करायचं ते मला कळत नव्हतं.

मी बी.ए.ला होते त्या वर्षी पावसाळ्यातल्या वर्षावासासाठी आमच्या विहारात एक वयस्कर भिक्खू मुक्कामाला आले; सगळे त्यांना भन्ते म्हणत. विहार म्हणजे टिनाचं छत, सिमेंटची फरशी आणि अंगणातलं पिंपळाचं झाड. भन्ते कमी बोलत. त्यांनी वस्तीला सांगितलं की या तीन महिन्यांत दर रविवारी दुपारी एक वर्ग घ्यायचा, आणि विषय एकच असेल, विमुक्ती. "दीक्षा घेऊन तुम्ही बाहेरची बेडी तोडली. आता आतली पाहू," ते म्हणाले. शिकवायला त्यांनी बाबांनाच निवडलं. भन्तेंना बाबांचं पिणं ठाऊक नव्हतं असं मी पुष्कळ दिवस समजत होते. आता तसं वाटत नाही.

बाबा रात्रशाळेत चार यत्ता शिकलेले. म्हणून शनिवारी संध्याकाळी आम्ही दोघं कंदिलाशी बसायचो. मी कॉलेजच्या पुस्तकातून वाचून अर्थ सांगायची, आणि ते डोळे मिटून ऐकायचे. दुसऱ्या दिवशी तेच त्यांच्या तोंडून असं बाहेर पडे की मीच थक्क व्हायची. एकदा तृष्णा कशी मनाला ओढून नेते ते सांगायचं होतं. मी वहीत व्याख्या लिहून दिली होती. बाबांनी वही उघडलीच नाही. "लूमवर सूत तुटलं तं काय करता?" त्यांनी पुरुषांना विचारलं. अर्धी माणसं गिरणीतलीच. "थांबवतो," सगळे म्हणाले. "काहून थांबवता?" "नाही थांबवलं तं कापडाले भोक पडते." बाबा हसले. "मनाचं सूत दिवसातून शंभर बार तुटते, बापा. आपण एक बार तरी लूम थांबवतो का?" पहिल्या रांगेतली अंजनाबाई, सत्तरीची, तिने कपाळावर हात मारला. तिनेच पुढच्या खेपेला विचारलं होतं, "हे मोकळं होणं म्हणजे मेल्यावरचा मोक्ष होय का गा?" बाबा म्हणाले होते, "मेल्यावरचं मले माहीत नाही, अंजनामाय. हे जित्तेपणीचं आहे. आज, इथी बसल्या बसल्या."

चार रविवार असे गेले. आजूबाजूच्या वस्त्यांतून माणसं येऊ लागली. टिनावर पाऊस वाजायचा आणि बाबा आवाज न चढवता बोलत राहायचे, तर माणसं सरकून सरकून जवळ यायची.

पाचव्या रविवारी बाबा सकाळी बाहेर गेले ते वर्गाच्या वेळेला थेट विहारात आले. कपडे पांढरे, केस विंचरलेले. वंदना झाली, सगळे हात जोडून बसले, आणि बाबा शील देऊ लागले. ते एक म्हणत, माणसं मागून म्हणत. चार शीलं झाली. पाचवं मादक पदार्थांपासून दूर राहण्याचं. बाबा थांबले. लोकांना वाटलं श्वास घेताहेत. मी बायकांच्या बाजूला दुसऱ्या रांगेत होते. माझ्यापुढच्या अंजनाबाईने पदर नाकाला लावला, तेव्हा मला कळलं. बाबांचे ओठ हलले, पण आवाज फुटला नाही. विहारात साठ-सत्तर माणसं हात जोडून त्या शब्दांची वाट पाहत होती. विहार समितीचे सेक्रेटरी शामराव मागून खाकरले. भन्ते समोर बसले होते, त्यांनी डोळे उघडले नाहीत.

बाबा आसनावरून उठले. सरळ चालत होते, तोल जात नव्हता. माझ्यासमोर येऊन म्हणाले, "कुंदा, उठ. आजपासून तू शिकव."

"बाबा, मी?"

"मले हे म्हणता येत नाही बाई. खोटं म्हणू का इथी बसून?"

आणि ते पुरुषांच्या शेवटच्या रांगेत भिंतीला टेकून बसले. मी एकोणीस वर्षांची होते. आसनावर कशी गेले, पाचवं शील कसं म्हटलं, आठवत नाही. एवढं आठवतं की माझ्यामागून सगळे म्हणाले तेव्हा बाबा म्हणाले नाहीत. खाली पाहत राहिले. त्या दिवशी मी काय शिकवलं ते कुणी विचारलं तर सांगता येणार नाही.

घरी आल्यावर मला वाटलं माय रडेल. ती रडली नाही. तिच्या डोळ्यात मी कधी न पाहिलेली एक चमक होती. बाबा ओट्यावर पडले होते, तिने मला आत ओढून हळूच विचारलं, "तू आता तेच शिकवून राहिली ना, सोडाचं कसं ते?"

"हो."

"मंग याले सांग ना वं. तुह्या पुस्तकात असन ना काही. मी वीस वर्सं सांगून पाह्यलं, मले कुठी शब्द येते? तुले येते."

पुस्तकात होतंच. कारण होतं, कारणाचा नाश होता, नाशाकडे जाणारी वाट होती, एकाखाली एक, स्वच्छ. आणि मी एकोणीस वर्षांची होते. मला वाटलं, खरंच, आपण यांना कधी नीट सांगितलंच नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा चहा पीत होते, त्यांच्यासमोर बसून मी म्हटलं, "बाबा, आजपासून बंद करा. एकदम. मी रोज तुमच्यासोबत ध्यानाला बसते. मनात आली ना इच्छा, की नुसतं तिच्याकडे पाहाचं. ती येते, राहते, निघून जाते." बाबा कप खाली ठेवून म्हणाले, "बरं. तू म्हणते तं बंद."

आणि त्यांनी बंद केली. गिरणीतून सरळ घरी. पहिल्या दिवशी मायने पिठलं आणि भात केला. दुसऱ्या दिवशी त्यांच्या हाताला कंप सुटला. बनियन घामाने भिजली, भाकरीचा तुकडा तोंडापर्यंत जाईना. मी त्यांना तसबिरीसमोर बसवून म्हणत होते, "पाहा, फक्त श्वासाकडे पाहा." ते दात आवळून बसत. मला आनंद होत होता. हे कुणाला सांगितलेलं नाही. त्यांचं थरथरणं म्हणजे आतली तृष्णा हरतेय असं मला वाटत होतं, आणि ती मी हरवत होते.

तिसऱ्या दिवशी ते कामावर गेले नाहीत. दुपारी मी कॉलेजातून आले तर ते भिंतीशी उभे. बोटं हवेत चालत होती, चिमटीत काहीतरी धरून गाठ मारायची, सोडायचं, पुन्हा धरायचं. "बाबा, काय करून राहिले?" "तुटून राहिलं पोरी सारं," ते घाईघाईने म्हणाले. "इकडे जोडलं तं तिकडे तुटते. मुकादम येईन." भिंतीवर काही नव्हतं. मायच्या हातची कात्री थांबली. मी त्यांचा दंड धरला, "बाबा, बसा," म्हटलं, आणि त्याच वेळी त्यांचं सगळं अंग ताठ झालं. डोळे वर गेले. ते पडले तेव्हा सूप उलटलं, जर्दा सगळ्या घरात उडाला. मी आणि माय दोघी त्यांचे हात धरून बसलो, आणि ते हात आमचे ऐकत नव्हते. माय ओरडत होती, "काय केलं वं तू? काय शिकवलं याले?"

रिक्षात घालून सरकारी दवाखान्यात नेलं. तिथला डॉक्टर तरुण होता, चांगला बोलला. त्याने विचारलं, "किती वर्षं घेतात? आणि एकदम बंद केली?" मी मान हलवली. "कुणी सांगितलं एकदम बंद करायला?" मी बाबांच्या अंगावरची चादर सारखी केली. तो म्हणाला, अशा माणसाची दारू एका झटक्यात तोडली तर जीवही जातो. हळूहळू, औषध देऊन सोडवावी लागते. आज हे पोरासोरांना माहीत आहे, त्यासाठी केंद्रं आहेत, औषधं आहेत. आमच्या वस्तीत तेव्हा कुणालाही माहीत नव्हतं. पण मी माझ्या अज्ञानाला माफ करू शकले नाही. त्यांच्या घामाकडे मी पाहत होते, ते मला दिसतच नव्हते. मला माझा धडा दिसत होता.

त्या रविवारी वर्ग होता. मी भन्तेंकडे जाऊन म्हटलं, मला जमणार नाही. सगळं सांगितलं. ते ऐकत राहिले. नंतर म्हणाले, "तुला कळतं म्हणून मी तुला शिकवायला सांगत नाही. माणसं येऊन बसलीत, म्हणून सांगतो." मला राग आला. आजही थोडा येतो. मी गेले, आणि तृष्णेचा क्षय कसा होतो यावर तासभर बोलले. समोरच्या बायका माझ्याकडे नाही, माझ्या हाताकडे पाहत होत्या. ओढाताणीत मनगटावर बाबांच्या नखांचे ओरखडे उठले होते.

बाबा आठव्या रविवारी वर्गाला परत आले. गळ्याची हाडं वर आलेली. दवाखान्याने औषध दिलं होतं, ते संपलं, आणि मग ते पुन्हा हळूहळू पिऊ लागले. मायने पाणी चढवणं, उतरवणं पुन्हा सुरू केलं. तिने दुसऱ्यांदा मला काही मागितलं नाही, आणि तेच मला लागलं. दवाखान्यातून आल्यावर बाबांनी एकच गोष्ट धरली. रविवारी वर्ग होईपर्यंत घ्यायची नाही. सकाळपासून ते पिंपळाखाली जाऊन बसत, हात मांडीखाली दाबून. शामरावांनी समितीत विषय काढला होता की यांना आता लग्नकार्याला उभं करायचं नाही, वर्गातही नको. पहिलं झालं. दुसऱ्याला भन्ते एवढंच म्हणाले, "दवाखान्यातून आजाऱ्याला कुणी हाकलत नाही." त्यानंतर वस्तीतल्या लग्नांना बाहेरून माणूस येऊ लागला. बाबा त्या मांडवात मागे उभे राहून, ओठ न हलवता, ऐकत असत.

माझ्या वर्गात ते कधी बोलले नाहीत. मी प्रश्न विचारले तर सगळ्यांची उत्तरं आल्यावर त्यांच्याकडे पाहायची. ते मान खाली घालायचे. शेवटच्या रविवारी विहार भरला होता. पाऊस ओसरला होता, खिरीचं पातेलं अंगणात उकळत होतं. मी सगळ्या बारा वर्गांची उजळणी केली आणि म्हटलं, कुणाला काही विचारायचं असेल तर विचारा. शेवटच्या रांगेत बाबा उभे राहिले. भिंतीचा आधार घेतला होता.

"बाई," ते मला म्हणाले. घरच्या हाकेसारखं नाही. शाळेत मुलं शिक्षिकेला म्हणतात तसं. "एक विचारतो. ज्याले समजत नाही त्याले तुमी समजावून सांगितलं. चांगलं सांगितलं. पण ज्याले सारं समजते, अन् तरी सुटत नाही, त्याच्यासाठी काय सांगितलेलं आहे?"

मला पुस्तकातल्या ओळी आठवत होत्या. वीर्य म्हणजे नेट, स्मृती म्हणजे भान, मागच्या जन्मांचे संस्कार, चिकाटी. त्यातली एकही त्या माणसाच्या थरथरत्या गुडघ्यांपर्यंत पोचली नसती. मी भन्तेंकडे पाहिलं. ते माझ्याकडेच पाहत होते.

"मले माहीत नाही, बाबा," मी म्हटलं.

बाबांनी दोन-तीनदा मान हलवली, जणू हेच ऐकायला ते आले होते. "बरं झालं," ते म्हणाले. "खोटं नाही सांगितलं." आणि खाली बसले. मला वाटतं त्या बारा आठवड्यांत मी त्यांना दिलेलं एकमेव खरं उत्तर ते होतं. पण खऱ्या उत्तराने काय होतं? त्यांचे हात तसेच हलत होते. खिरीची वाटी अंजनाबाईने त्यांच्या तोंडाशी धरली.

घरी येताना आम्ही दोघंच होतो. सणावाराचे दिवस जवळ आले होते, जरीपटक्याच्या बाजाराकडे सायकलरिक्षांची रांग चालली होती. बाबा म्हणाले, "पुढच्या रविवारी काय आहे?"

"संपला ना वर्ग, बाबा. भन्ते जातील आता."

ते रस्त्यातच उभे राहिले. "संपला?" एक रिक्षावाला ओरडून बाजूने गेला. "मंग आता रविवारी मी कुठी जाऊ?"

हे मी आधी विचारातच घेतलं नव्हतं. मी घाईने म्हटलं, "आपण घरीच बसू ना. मी अन् तुमी." आणि आम्ही बसलो. तीन रविवार. मी तसबिरीसमोर सतरंजी टाकायची, दुपारी ते हात-पाय धुऊन यायचे, मी काहीबाही वाचायची. एका रविवारी तर आम्ही काही न वाचता नुसते बसलो होतो, आणि मायच्या कात्रीचा आवाज ऐकत होतो. चौथ्या रविवारी माझी चाचणी परीक्षा जवळ आली होती, मी मैत्रिणीकडे अभ्यासाला गेले. पाचव्या रविवारीही गेले. "तू जा बाई, पेपर महत्त्वाचा," बाबाच म्हणाले होते. ते त्यानंतर दोन हिवाळे जगले. दुसऱ्या हिवाळ्यात त्यांचं यकृत गेलं, आणि पोट फुगून ते महिनाभर त्याच खोलीत पडून होते. त्या महिन्यात मी त्यांना काही शिकवलं नाही. फक्त पाणी पाजलं.

पण ते सगळं नंतरचं. परीक्षेच्या त्या दिवसांतल्या सहाव्या रविवारी मी घरी होते. सतरंजी टाकली, उदबत्ती लावली, आणि वाट पाहिली. दुपार कलली. बाबा आले नाहीत. ओट्यावरही नव्हते. मी सतरंजी गुंडाळायला वाकले तेव्हा मागे कात्री थांबल्याचं ऐकू आलं. मायने मांडीवरचं सूप बाजूला ठेवलं, हात पदराला पुसले. तीन महिने ती विहारात कधी आली नव्हती; विड्या कोण वळणार, म्हणायची. ती येऊन सतरंजीवर बाबांच्या जागेवर बसली. मांडी घालताना तिचे गुडघे कडकडले.

"शिकव," ती म्हणाली.

"काय शिकवू, माय?"

"सोडाचं कसं असते ते. त्याले नाही आलं. मले तरी शिकव." आणि दाराकडे पाहत म्हणाली, "मी याची वाट पाह्यनं सोडू म्हणतो, तं तेच सुटत नाही वं."

मी तिच्यासमोर पुस्तक मांडीवर घेऊन बसले, मग ते मिटून बाजूला ठेवलं आणि अंधार पडेपर्यंत तिच्याबरोबर दाराकडे पाहत राहिले.